ओठावरचा ताप

आंब्याच्या सीझनमध्ये आमच्या कारखान्यात कुणाच्या ओठावर काही उठलं की सगळ्यांचं एकच निदान असायचं, "चीक उतला." आंब्याचा चीक कातडीला लागला की भाजल्यासारखे फोड येतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे दर एप्रिल-मेमध्ये माझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात येणाऱ्या फोडांचा कुणी वेगळा विचार केला नाही. मीही केला नव्हता. खरं तर ते फोड मला थंडीतही यायचे, कॉलेजच्या परीक्षांत यायचे, लग्नाच्या आदल्या आठवड्यातही आले होते, आणि तेव्हा आसपास आंब्याचं नावही नव्हतं. पण दमलेल्या माणसाला हाताशी येईल ते कारण पुरतं.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. रत्नागिरीलगत मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमरस डबाबंद करणारा एक कारखाना होता, तिथे मी लॅबमध्ये होते. बी.एस्सी. झालेली म्हणून लॅब. एरवी आत सोलायला, गर काढायला असणाऱ्या बायकांइतकीच मीही दिवसभर उभी असायची. प्रत्येक घाण्यातला रस आधी काचेवर घेऊन त्यातली साखर मोजायची आणि मग चमचाभर जिभेवर घ्यायचा. आंबूस आहे का, कडवट आहे का, सालीचा वास उतरलाय का. यंत्राला साखर कळते, बाकीचं जिभेलाच कळतं. दुपारपर्यंत जीभ चरचरायची आणि संध्याकाळी घरी पिकल्या आंब्याचा वास आला तरी मला मळमळायचं.

घरी सासूबाई आणि माझी तीन वर्षांची मुलगी. नवरा बोटीवर, एंजिनरूममध्ये. आठ-दहा महिने बाहेर, मग दोन-तीन महिने घरी. आमच्या आळीत निम्म्या घरांचं तसंच होतं, त्यामुळे त्याचं दुःख करायचं असतं हेही कुणाच्या लक्षात यायचं नाही. सकाळी पाणी भरायचं, डबा करायचा, मुलीची वेणी घालायची, टेम्पो पकडायचा. संध्याकाळी उतरलं की पायांना वाटायचं, इथेच रस्त्याकडेच्या कातळावर बसावं. पण बसले नाही कधी. बसलं की उठता आलं नसतं.

त्या वर्षी सीझन ऐन भरात असताना सकाळी टेम्पोतच माझ्या ओठाला झिणझिण्या आल्या. मला त्या ओळखीच्या होत्या. आधी मुंगी चालल्यासारखं, मग आतून तापल्यासारखं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुपका. माझ्या माहेरी, देवरूखच्या बाजूला, त्याला "ओठावर ताप फुटला" म्हणत. अंगातली उष्णता तोंडावाटे बाहेर पडते, पडू द्यावी, असं माझी आई सांगायची आणि कोकमाचं तेल लावायची. सासूबाईंचंही औषध तेच. तेलाचा पांढरा गोळा दिव्यावर धरायचा आणि वितळलेलं बोटाने टेकवायचं. ओठ मऊ व्हायचा, पण पुळ्या त्यांना यायचं तेव्हा यायच्या आणि जायचं तेव्हा जायच्या.

मुंबईहून माल घेणारी पार्टी कारखाना बघायला यायची होती. मॅनेजर साहेब घाटावरचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लॅबच्या दारातच थांबवलं.

"बाई, हे असं घेऊन आत नाही येता येणार. हातातोंडाला जखम असली तर आत घ्यायचं नाही, तुम्हीच लिहून लावलंय ना दारावर?"

"हो साहेब."

"मग गोडाऊनमध्ये बसा. लेबलं चिकटवायची आहेत. आणि दवाखान्यात जाऊन या बघू."

दवाखान्यातल्या कंपाउंडरने जांभळं औषध कापसाने फासलं. जांभळा ओठ घेऊन मी गोडाऊनमध्ये खळ लावलेल्या लेबलांपाशी बसले. बायका जाता-येता म्हणत, "काय गो, जांभळं खाल्लीस काय?" मी हसायला गेले की फोड ताणायचा आणि रक्ताचा थेंब यायचा. पण एक सांगते, ते दोन-चार दिवस मी बसून काम केलं. पंख्याखाली. पाठ भिंतीला टेकवून. कुणाशी बोलावं लागलं नाही. लाज वाटत होती, दुखत होतं, आणि तरीही दुपारी डोळे मिटायचे तेव्हा बरं वाटायचं.

खपली धरल्यावर लॅबमध्ये परत गेले, आणि महिना उलटायच्या आत तिथेच पुन्हा झिणझिण्या. या वेळी साहेबांनी स्वतःच सांगितलं, "कातडीच्या डॉक्टरला दाखवा. असं प्रत्येक वेळी तुम्हाला बाहेर बसवून माझं कसं चालेल? चव कोण बघणार?"

कातडीचे डॉक्टर म्हणजे कोल्हापूरहून दर शनिवारी येणारे एक मध्यमवयीन गृहस्थ. बाजारातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. जिन्यापाशी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी लाल अक्षरांची पाटी: त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ. त्या काळी ही दोन्ही खाती एकाच डॉक्टरकडे असायची. मी तशीच कारखान्यातून आले होते, साडीला रसाचे डाग, पायात रबरी चपला. पाटी वाचली, पण वाचून थांबावं एवढं त्राण नव्हतं. वर गेले. बाकावर बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे न बघण्याचं ठरवलेलं होतं. तिथे मला चांगली डुलकी लागली.

डॉक्टरांनी टॉर्च पाडून ओठ पाहिला. "पहिल्यांदा कधी आलं होतं?"

"आठवत नाही. शाळेत असताना. लहानपणी खूप ताप आला होता, तोंड आतून सगळं सोललं होतं, असं आई सांगते. त्यानंतर येतंच."

"दर वेळी ह्याच जागी?"

"ह्याच जागी."

"मग हा चीक नाही आणि उष्णताही नाही. हा एक विषाणू आहे, व्हायरस. एकदा अंगात शिरला की जात नाही. इथे गालाच्या आत शिरेच्या मुळाशी झोपून राहतो. तुम्ही दमलात, उन्हात राहिलात, जागरण केलंत की उठतो."

"म्हणजे माझा तो जागाच असणार," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "झोप किती होते?"

मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी कागद ओढला. "नवीन गोळ्या आल्या आहेत. फार दिवस नाही झाले. आत्तापर्यंत आम्हीही मलमच देत होतो. पण एक लक्षात ठेवा, पुळ्या आल्यावर घेऊन फार उपयोग नाही. झिणझिण्या आल्या की लगेच सुरू करायच्या. दिवसातून पाच वेळा, पाच दिवस, भरपूर पाण्याबरोबर. मनाने घ्यायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत. आणि याने मुळातून बरं होणार नाही. आलेलं लवकर आवरेल, एवढंच. पुळ्या असतील तेव्हा मुलीचा मुका घ्यायचा नाही, तिच्या पेल्यातलं प्यायचं नाही, हात लावून डोळा चोळायचा नाही."

मुका घ्यायचा नाही म्हटल्यावर मला एकदम रडू आलं. का ते कळलं नाही. दिवसातून एकदा, टेम्पोला पळायच्या आधी, तेवढाच तर वेळ असायचा. डॉक्टरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि कागदावर वरच्या बाजूला आजाराचं नाव लिहिलं, खाली औषधाचं.

बाजारातल्या औषधांच्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती. दुकानदाराने कागद दिव्याखाली धरला. वरचं नाव वाचलं आणि ओठातल्या ओठात न ठेवता मोठ्याने म्हणाला, "हर्पिस?" मग कागदावरून माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर बोटीवर असतात ना तुमचे?"

त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून परदेशातल्या रोगांबद्दल बरंच छापून येत होतं. कुठला रोग कुठे होतो, कशाने होतो, हे कुणाला धड माहीत नव्हतं. पण बंदरं, खलाशी आणि बायका एवढे तीन शब्द सगळ्यांच्या लक्षात राहिले होते. माझ्या शेजारी आमच्याच आळीतल्या एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, माझ्या ओठाकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढून घेतला.

"असतात," मी म्हटलं. "गोळ्या आहेत का?"

"इथे कुठल्या? कोल्हापूरहून मागवाव्या लागतील. एसटीच्या पार्सलने येतील."

आल्या. तोपर्यंत फोड सुकला होता. डॉक्टरांना विचारून घेतलं, तर त्यांनी आता घेऊ नका, पुढच्या वेळेसाठी ठेवा, म्हणून सांगितलं. मी त्या फडताळात मीठ-मसाल्याच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

पुढची वेळ सीझनच्या शेवटी आली. पिकलेला माल एकदम येतो तेव्हा. पावसाच्या आत सगळं आवरायचं असतं आणि आंबा थांबत नाही. सकाळी डोकं विंचरताना ओठाला मुंगी चालली. मी फडताळ उघडलं, पहिली गोळी घेतली. बाकीच्या पदराच्या गाठीत बांधून कारखान्यात नेल्या. दिवसातून पाच वेळा म्हणणं सोपं आहे. बॉयलरच्या आवाजात वेळ कळायची नाही, हात रसाने चिकट असायचे, पाणी प्यायला बाहेर यावं लागायचं. डोकं जड झालं, पोटात ढवळायचं. पण दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर ओठावर नुसती लाली होती. तिसऱ्या दिवशी एक बारीकशी पुळी आली आणि आली तशी बसली. लहानपणापासून इतक्यावर कधी निभावलं नव्हतं. मी आरशापुढे उभी राहून बोटाने ओठ दाबून पाहिला. माझाच होता.

साहेब खूश झाले. "बघा, वेळेवर औषध घेतलं की कसं असतं." आणि त्यांनी मला संध्याकाळची पाळीही दिली. लॅबमधली दुसरी मुलगी आजारी पडली होती, तिच्या जागी. स्वच्छ ओठाने नाही कसं म्हणायचं? तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की इतकी वर्षं तो फोडच मला बाहेर बसवत होता. आता बाहेर बसवणारं कुणी उरलं नव्हतं. ओठ बरा होता, बाकी मी होते तशीच होते, किंवा थोडी जास्तच दमलेली.

या सगळ्यात घरात काहीतरी बदललं होतं आणि ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. आधी मला वाटलं, सासूबाईंना माझी दया आली असेल. एके दिवशी त्यांनी मुलीचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं. "तुला झोप मिळंल गो," म्हणाल्या. मग माझं ताट त्या स्वतः वाढून ठेवू लागल्या. माशातली मधली तुकडी माझ्या ताटात, स्वतःला शेपटी. मी पाणी भरायला उठायच्या आत हंडे भरलेले असत. संध्याकाळी मी आले की त्या माझ्या तोंडाकडे बघत आणि लगेच नजर वळवत. एकदा तर मी भांडी घासायला बसले तर त्यांनी माझा हात धरून मला उठवलं आणि पदराने डोळे पुसले.

"काय झालं आई?"

"काय नाय. धूर गेला डोळ्यांत."

चूल विझलेली होती. मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि त्या दिवसांत मला फक्त आडवं व्हायचं असायचं. नवऱ्याचं पत्र आलं की पूर्वी त्या ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायच्या. आता म्हणत, "तू वाच. माझं काय काम?"

पाऊस चांगला लागल्यावर नवरा साइन-ऑफ होऊन घरी आला. सोबत नेहमीसारखी मोठी बॅग, मुलीला बाहुली, आईला शाल, मला सेंटची बाटली. आईच्या पाया पडायला वाकला तर सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. त्याने मुलीला उचलून तिच्या गालाचा मुका घेतला तशी त्यांनी झडप घालून पोरीला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"आये, काय झालं?"

"काय नाय. तिला सर्दी हाय."

मुलीला सर्दी नव्हती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

असे तीन-चार दिवस गेले. सासूबाई त्याच्याशी कामापुरतंही बोलेनात. त्याचा चहाचा पेला वेगळा ठेवू लागल्या, कढत पाण्याने धुऊ लागल्या. बोटीवर महिनोन्‌महिने फक्त घरची वाट बघितलेला माणूस तो; दिवसभर पडवीत बसून पावसाकडे बघत राहायचा. रविवारी दुपारी जेवताना त्याने ताट पुढे सारलं.

"आये, मी आलो ते तुला आवडलं नाय काय? तसं सांग. मी उद्याची मुंबईची एसटी धरतो."

सासूबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. वळल्याच नाहीत. "ह्या पोरीला काय आणून दिलंस ते आधी सांग."

"काय आणलं? सेंट आणलं."

"सेंट नाय. रोग. रोग आणून दिलंस तिला. सगळ्या आळीत बोभाटा झालाय. त्या पाटीवाल्या डॉक्टराकडे जाते ती बिचारी. कोल्हापूरहून गोळ्या येतात. माझ्या सुनेने एका शब्दाने काय सांगितलंन नाय मला, मी बाहेरून ऐकलंय. दिवसभर कारखान्यात राबते आणि वर हे."

भात माझ्या हातातच राहिला. तिकडे नवऱ्याचा चेहरा उतरला होता. तो आईकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होता.

"तू सांगितलंस हे?"

"मी काहीच सांगितलं नाही."

"मग गोळ्या कसल्या?"

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडेच होतं. चूक कुणाचीही असो, उभं राहून समजावायचं मी. मला आठवतंय, मी पाटावरून उठले, हात धुतले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मग ओठावर बोट ठेवून म्हटलं, "हे. तुम्ही दोघांनी कितीतरी वेळा बघितलंय. लग्नात होतं. बाळंतपणात होतं. मी शाळेत असल्यापासून आहे. त्याच्या गोळ्या."

नवऱ्याच्या खांद्यांतला ताठा गेला. "ते ताप फुटतो ते? त्यासाठी पाटीवाला डॉक्टर कशाला?"

"कातडीचा दुसरा डॉक्टर आहे का रत्नागिरीत? दाखवा, त्याच्याकडे जाते."

सासूबाईंनी मात्र मान हलवली. "तू त्याला वाचवायला बोलतेस. माझा पोर झाला म्हणून काय झालं. मी काय आंधळी नाय." आणि मग त्यांनी जे केलं ते मी विसरले नाही. त्या चुलीपासून उठून माझ्यापुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बाय माझे, आमच्या घरात येऊन तुला हे झालं. मला माफ कर."

आमच्या आळीत मी सासवांच्या शंभर गोष्टी ऐकल्या होत्या. पोराचा दोष सुनेच्या पदरात घालणाऱ्या. ही बाई स्वतःच्या पोटच्या पोराला दूर सारून माझ्यापुढे हात जोडून उभी होती, आणि तेही एका चुकीच्या समजुतीपायी. मी त्यांचे हात खाली केले. नवरा उठून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

शनिवारी आम्ही तिघं त्या जिन्यापाशी गेलो. मुलीला शेजारी ठेवलं होतं. सासूबाई आधी नाहीच म्हणत होत्या. नवऱ्याने सांगितलं, "तू स्वतःच्या कानाने ऐक. मी सांगितलेलं तुला पटायचं नाय." तो रिक्षातून उतरला तेव्हा समोरच्या दुकानातल्यांनी माना वळवल्या. त्याने पाटीकडे एकदा पाहिलं आणि आईचा हात धरून वर चढला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांना अशा गोष्टींची सवय असावी. त्यांनी सासूबाईंना समोरच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "आजी, तुमच्या ओठावर कधी असं आलं होतं?"

"माझ्या? माझ्या कशाला येतंय?"

"ताप येऊन गेल्यावर? उन्हात, पावसात काम करून?"

"तसं काय... लावणीच्या दिवसांत यायचं. दिवसभर चिखलात वाकून अंग मोडलं की ओठ फुटायचा. सगळ्याच बायांना यायचं. त्याला काय रोग म्हणतात?"

"तोच हा."

त्यांनी नकळत बोटाने स्वतःचा ओठ चाचपला.

"तोच, आजी. दुसरा नाही. त्याचा एक भाऊ आहे, तो वेगळा, त्याच्याबद्दल लोक बोलतात ते वेगळं. हा तोंडावरचा. घरोघर असतो. लहान मुलांचे आपण मुके घेतो, आपल्या पेल्यातलं त्यांना पाजतो, त्यातून जातो. काहींना दिसतो, काहींना आयुष्यभर दिसत नाही." मग ते नवऱ्याकडे वळले. "तुम्हाला?"

नवरा ओशाळून म्हणाला, "येतो कधीतरी. थंडीच्या मुलखात बोट गेली की. मी वाऱ्याने ओठ फाटला म्हणायचो."

सासूबाईंनी पदर हातात धरला होता, त्याची कड त्या पिळत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ह्याला माझ्याकडून गेला?"

"ते कुणी सांगू शकत नाही, आजी. तुमच्याकडून, शेजारणीकडून, आत्याकडून. कुणाकडूनही. सुनेला तर माहेरातच झालेला आहे. ह्यात कुणाचा गुन्हा नाही."

"पण मी त्याचा मुका घ्यायची," सासूबाई म्हणाल्या. "लावणीवरून आले की आधी त्यालाच उचलायची."

डॉक्टर म्हणाले, "सगळ्याच आया घेतात." आणि त्यांनी मला नव्या गोळ्यांचा कागद लिहून दिला. या वेळी वरती आजाराचं नाव लिहिलं नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांना आपणच सुचलं असावं.

खाली आल्यावर नवरा हसायला लागला. आधी बारीक, मग मोठ्याने, दुकानाच्या वळचणीखाली उभा राहून. सासूबाईंना हसू येत नव्हतं. त्या वर हात करून त्याच्या गालाला लावत होत्या, जणू तो तापाने फणफणलाय. मलाही हसायला हवं होतं. पण मला एवढंच वाटत होतं, की रिक्षा लवकर मिळावी.

घरी आल्यावर दुपारी नवरा माझ्याजवळ बसला. "एक खरं सांग. तुला स्वतःला कधी आलं होतं का मनात? माझ्याबद्दल?"

"नाही."

"खरंच?"

"तसा विचार करायला माणूस जागा असावा लागतो," मी म्हटलं. "मी कुठे जागी होते?"

त्याला ते लागलं असावं. तो माझ्या हाताकडे बघत होता, रसाने आणि गरम पाण्याने बोटांची साल निघालेली. "पुढच्या सीझनला नको जाऊस," म्हणाला. त्याच्या रजेतल्या बोलण्यावर मी कधी फार विसंबले नाही, रजा संपते. पण ती रजा मला आठवते ती त्याने भरलेल्या पाण्यासाठी. रोज सकाळी हंडा खांद्यावर घेऊन यायचा, आळीतल्या लोकांदेखत. एंजिनरूममधला माणूस, त्याला उचलायची सवय होती.

पुढचा सीझन मी केला. त्याच्या पुढचाही अर्धा. मग एका शाळेत प्रयोगशाळेची जागा निघाली, तिथे लागले. गोळ्या मी बरीच वर्षं घेतल्या, डॉक्टरांनी सांगितल्या तशा, झिणझिण्या आल्या की. प्रत्येक वेळी तेवढ्याच चालल्या असं नाही. कधी मी वेळेवर ओळखायची नाही, कधी दुकानात नसायच्या. एकदा तर फडताळात असून, हात पुढे करून मी मागे घेतला. शाळेत कुणी ओठ बघून बाहेर बसवत नाही, हे माहीत असूनही.

आळीतलं बोलणं मात्र डॉक्टरांच्या खोलीत संपलं नव्हतं. खोकल्याचं औषध घेणाऱ्या त्या बाई पुढे कितीतरी दिवस आमच्याकडचं हळदीकुंकू चुकवत होत्या. गणपती आटोपल्यावर नवरा पुन्हा बोटीवर गेला. तो गेल्यावर एका सुट्टीच्या सकाळी मी आत नारळ खवत होते आणि बाहेर सासूबाई मासेवालीकडून बांगडे निवडून घेत होत्या. मासेवालीने आवाज बारीक करून विचारलं, "सूनबाईची तब्येत कशी हाय आता? तो रोग..."

"कसला रोग?" सासूबाईंचा आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला. "ओठावर ताप फुटतो तो. मला हाय, माझ्या पोराला हाय, सुनेला हाय. तुझ्या पण घरात असंल, बघ जाऊन आरशात. बांगडे ताजे दे."

मासेवाली बांगडे मोजायला लागली. मला आतून हसू आलं, आणि हसताना ओठ दुखला नाही. खवलेला नारळ ताटलीत तसाच ठेवून मी जरा भिंतीला टेकले. बाहेर सासूबाई दरावरून भांडत होत्या. त्यांचा आवाज ऐकता ऐकता माझा डोळा लागला. उठले तेव्हा कालवणाचा वास घरभर पसरला होता आणि मला कुणी हाक मारली नव्हती.